काय सांडलं ते सांगा

"काय सांडलं?"

विमलताई वानखड्यांच्या दारात रिमोट, रेडिओ, मिक्सर, काहीही घेऊन उभं राहिलं की पहिला प्रश्न हा. 'या' नाही, 'बसा' नाही, 'कोण आपण' नाही. समोरच्याने "काही नाही हो, आपोआपच बंद पडलं" असं म्हटलं की त्या ती वस्तू हातात घ्यायच्या, नाकाशी न्यायच्या आणि लांब श्वास घ्यायच्या. "चहा," म्हणायच्या. मग परत एकदा हुंगून, "आल्याचा." समोरचा माणूस खाली बघायला लागायचा. "सांगा खरं काय ते. मी तुमच्या सासूबाईंना नाही सांगणार." हे आश्वासन त्या चेहऱ्यावरची रेघ न हलवता द्यायच्या आणि पाळायच्याही. आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांची गुपितं त्या बाईंच्या नाकात सुरक्षित होती.

"यंत्र खोटं बोलत नाही, मालक बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता मी पेठेत वाढलेला माणूस. चार शब्दांत समोरच्याला गार करणं ही आमची खानदानी कला. यवतमाळकडच्या एका बाईंनी तीच कला दोन शब्दांत, तीही कुजबुजत करून दाखवावी, हे मला सुरुवातीला चांगलंच झोंबलं होतं.

कुजबुजत का, तर त्यांचे यजमान एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार. दिवसभर आतल्या खोलीत झोपलेले. त्यामुळे त्या घरात दिवसा सगळं हळू. ती सवय पुढे इतकी अंगात मुरली की भर रस्त्यात रिक्षावाल्याशी भांडतानासुद्धा विमलताई कुजबुजायच्या. त्यांचं ऐकायला रिक्षावाला बिचारा वाकायचा, आणि वाकलेल्या माणसाला काही जोरात भांडता येत नाही. मी स्वतः पाहिलंय हे. मीटरप्रमाणे पैसे घेऊन गेला मुकाट.

तळमजल्यावर त्यांच्या घराला एक अरुंद गॅलरी होती. तिथे शिलाई मशीनचं जुनं टेबल, वर एक दिवा, एक सोल्डरगन आणि पुड्या. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या, वाण्यासारख्या घट्ट बांधलेल्या शेकडो पुड्या. मेलेल्या रेडिओंतून काढलेला एकेक सुटा भाग पुडीत बांधून ठेवलेला. कुठल्या पुडीत काय, हे पुडीवर लिहिलेलं नसायचं. "लिहायचं काहून? मला माहीत आहे ना," म्हणायच्या. 'काहून' त्यांच्या तोंडी फक्त दोन वेळा यायचं. एक रागावल्यावर, दुसरं खूश झाल्यावर. एरवी त्यांची भाषा पुण्याच्या पाण्याने धुऊन निघाली होती.

या बाई हे सगळं शिकल्या कुठे? तर टीव्हीच्या कारखान्यात. शहराबाहेर एक मोठा कारखाना होता, त्यात लांबच लांब टेबलापाशी बायका बसायच्या आणि पुढून सरकत जाणाऱ्या टीव्हीच्या पाट्यांवर एकेक भाग सोल्डर करायच्या. विमलताई तिथे एकवीस वर्षं होत्या. पहिली बारा वर्षं त्यांनी पाटीचा एकच कोपरा जोडला. "तोच कोपरा. स्वप्नातही तोच. बाकीचा टीव्ही कसा असतो ते मला बारा वर्षांनी कळलं." तेव्हा कळलं, कारण त्यांना नापास पाट्यांच्या टेबलावर बसवलं. बिघडलेली पाटी यायची, ती का बिघडली ते शोधायचं. इथे त्यांचं नाक आणि डोळे तयार झाले.

एकदा म्हणे एका दिवसात दोनशे पाट्या नापास झाल्या. इंजिनिअर लोक तीन दिवस मीटर घेऊन बसले. विमलताईंनी डबा खाताखाता एका पाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या सगळ्या सकाळच्या पहिल्या तासातल्या आहेत. सोल्डरचं भांडं तापायच्या आधी लाइन चालू केलीय कोणीतरी." तसंच निघालं. साहेबांनी अहवाल लिहिला, स्वतःच्या नावाने, आणि त्यांना बढती मिळाली.

"मग? तुम्ही काही बोलला नाहीत?" मी चिडून विचारलं होतं.

"पेढे दिले ना त्यांनी मला. चांगले होते पेढे," विमलताई म्हणाल्या. एवढंच. त्या हे चिडून म्हणाल्या की खरंच पेढ्यांबद्दल म्हणाल्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग ते नव्वदीचं दशक आलं. बाहेरच्या कंपन्यांचे चकचकीत टीव्ही दुकानांत आले, आणि कारखाना बंद पडला. जाताना प्रत्येकीला एक दाखला मिळाला. विमलताईंच्या दाखल्यावर लिहिलं होतं: पद, मदतनीस. वर्ग, अकुशल. तो कागद त्यांनी मला एकदाच दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत, जपून ठेवलेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला खराडीकडे तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, संगणकाचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कंपन्या निघत होत्या. विमलताई अशा तीन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. "हात बघतच नाहीत सर ते. कागद बघतात. कागदावर मदतनीस. मग म्हणतात, झाडूपोछ्याची जागा आहे." हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा हलला होता. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेण्यापलीकडे मी काही केलं नाही, हेही लगेच सांगून टाकतो.

आता माझा भाग. मी एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, विभागप्रमुख होतो. आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत मोठा इंजिनिअर झाला होता. त्याने कॉलेजला दुर्बीण पाठवली. साधी नव्हे हो! दुर्बीण ज्यावर बसते ती बैठक मोटारींवर फिरणारी, आणि त्या मोटारी संगणकावरून चालणाऱ्या. संगणकावर 'चंद्र' म्हणा, दुर्बीण आपली मान वळवून चंद्राकडे बघणार. संगणक आणि बैठक यांच्यामध्ये काडेपेटीपेक्षा जराशी मोठी एक डबी होती. संगणकाची विजेची भाषा वेगळी, बैठकीची वेगळी. ही डबी दोघांत दुभाष्याचं काम करायची. ती नसेल तर संगणक इकडे ओरडतोय आणि बैठक तिकडे ढिम्म.

दुर्बीण आली आणि पाठोपाठ दसरा आला. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करायची आमच्या विभागाची जुनी पद्धत. प्राचार्यांनी आदल्या दिवशी मला बजावलं होतं, "गोरे, हळदकुंकू वाहा, फुलं वाहा. नारळ मात्र बाहेर फोडा." प्राचार्य कडक माणूस. पण मला वाटलं, एवढी अमेरिकेहून आलेली वस्तू, तिच्यासमोर नारळ नाही फोडायचा? शिवाय पूजा करताना ती चालू असावी, मोटार गुणगुणत असावी, म्हणजे कसं प्रसन्न वाटेल! सगळं चालू केलं, टेबलाच्या कडेवर वीट ठेवली आणि नारळ हाणला.

नारळ उत्तम फुटला. पाणी थेट डबीवर. फट् असा बारीक आवाज झाला, वास आला आणि मोटारीचं गुणगुणणं थांबलं. माझ्या हातात नारळाच्या दोन वाट्या. प्रसाद मी तरीही वाटला.

मी काय केलं म्हणाल? प्राचार्यांना जाऊन सांगितलं की विजेचा दाब वरखाली झाला, डबी गेली, आणि मुंबईहून कंपनीचा माणूस बोलावलाय. असा कोणी माणूसच नव्हता. अमेरिकेहून नवी डबी मागवायची तर देणाऱ्यालाच कळवावं लागणार, आणि तो तर जानेवारीत स्वतः दुर्बीण बघायला येणार होता. पंधरवडाभर असाच टाळत राहिलो, आणि एक दिवस घरी येऊन जेवलो नाही. तेव्हा माझी बायको, सुनंदा, म्हणाली, "तळमजल्यावर जा की. आपला रिमोट त्यांनीच केला होता."

"अगं, ही दुर्बीण आहे."

"आणि तुम्ही नारळाने फोडलीत. आता कशाचा एवढा तोरा?"

गेलो. विमलताईंनी डबी हातात घेतली. "काय सांडलं?"

"काही नाही. व्होल्टेज," मी म्हटलं. पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांच्या थापा पकडलेला माणूस मी, पण माझा आवाज मलाच पटला नाही.

त्यांनी चार स्क्रू काढले. आतली पाटी हुंगली. मग बोटाच्या टोकाने एक पांढरट डाग खरवडला आणि, देवाशपथ सांगतो, जिभेला लावला. "सर, दसऱ्याला झालं ना हे?"

मी खाली बघायला लागलो.

"मी मॅडमना नाही सांगणार."

"मॅडमना माहीत आहे. प्राचार्यांना नाही."

तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, पदर तोंडावर धरून. आतून यजमानांनी कूस बदलल्याचा आवाज आला, तशा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "करून देते. पैसे नकोत. कॉलेजच्या शिक्क्याचा कागद द्या. मी हे बघितलं, मी शोधलं, मी केलं, असं लिहून. तुमच्यासारख्या मोठ्या ठिकाणचा कागद असला की खराडीवाले हात बघतील माझे."

"अहो, त्यात काय एवढं! उद्या देतो!" मी म्हटलं. त्या क्षणी त्यांनी मागितलं असतं तर मी घरसुद्धा लिहून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो. डबीत मुख्य भाग एकच होता, सोळा पायांची एक काळी चिप, आणि तिच्या भोवती चारपाच बारके कपॅसिटर. हे सगळं आपल्याकडे सर्रास मिळतं, हे मला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असून माहीत नव्हतं. मला वाटत होतं, अमेरिकेची डबी म्हणजे आत काहीतरी अमेरिकन असणार. सगळ्या सामानाला मिळून दोन मिसळींपेक्षा कमी पैसे पडले. दुकानदाराने विमलताईंना बघून गल्ल्यावरचा चहाचा पेला उचलून मागे ठेवला. त्यांनी चिप उजेडात धरली, पाय मोजले, एक वाकडा निघाला म्हणून परत केली, दुसरी घेतली. आणि चिपखाली बसवायचा एक सॉकेट मागितला. "म्हणजे पुन्हा जळली तर नुसती काढून नवी बसवायची. पुढच्या दसऱ्याला उपयोगी पडेल," असं माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

दोन दुपारी त्या गॅलरीत काम चाललं. माझं काम दिवा धरायचं. त्यांचा हात बघत राहावा असा. सोल्डरची तार टेकवायच्या, सोल्डरगन टेकवायच्या, उचलायच्या. धूर डोळ्यांत जायच्या आत टाका पडलेला. गोल, चकचकीत, साबुदाण्याच्या दाण्याएवढा.

आता दुर्बीण घरी आणता येईना, तर तपासायचं कसं? मी त्यांना सांगितलं की डबीच्या बैठकीकडच्या बाजूला बोलायची तार आणि ऐकायची तार एकमेकींना जोडली, तर संगणकावर आपण जे टाइप करू ते डबीतून जाऊन तसंच परत पडद्यावर यायला हवं. "म्हणजे विहिरीत हाक मारल्यासारखं," त्या म्हणाल्या. मी कॉलेजच्या पोरांना हे शिकवायला अर्धा तास घेतो.

मी माझा संगणक खाली आणला. जोडला. टाइप केलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा केलं. काही नाही.

"गेली," मी म्हटलं. "आता मी राजीनामाच देतो."

"सर, हळू. ते उठतील." त्यांनी डबी उघडली आणि पाटी उन्हात आडवी धरली. खूप वेळ नुसती वळवत राहिल्या. मग सुईने एका जागी दाखवलं. पाटीवरची केसाएवढी तांब्याची रेघ एका ठिकाणी हिरवट पडून तुटली होती. नारळाच्या पाण्याने पंधरा दिवसांत खाल्ली होती ती. त्यांनी एक पुडी सोडली, टेलिफोनच्या जुन्या वायरीतला एकच तंतू काढला आणि ती फट सांधली. श्वास रोखून. मीही माझा रोखला होता.

"आता लिहा," म्हणाल्या.

"तुम्ही लिहा."

त्यांनी एका बोटाने, शोधून शोधून, इंग्रजीत पाच अक्षरं दाबली. VIMAL. आणि ती पाचही पडद्यावर परत आली. विमलताई त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा दाबली. पुन्हा आली. "अव बाप्पा," त्या म्हणाल्या, "हे तर मलेच हाक मारून राहिलं!" असं खरं सुख माणसाच्या चेहऱ्यावर फार वेळा बघायला मिळत नाही.

दुर्बीण चालली. अगदी पहिल्यासारखी. प्राचार्य म्हणाले, "मुंबईचा माणूस बरा दिसतोय." मी म्हटलं, "हो सर." आणि इथेच मी अडकलो. विमलताईंना कागद द्यायचा तर त्यावर प्राचार्यांची सही हवी. सही हवी तर मुंबईचा माणूस गेला कुठे हे सांगायला हवं, आणि मग नारळही आलाच. आज सांगू, उद्या सांगू करत मी नोव्हेंबर घालवला, डिसेंबर घालवला. जिन्यात विमलताई दिसल्या की मी खिसे चाचपत, किल्ली विसरल्यासारखा परत वर जायचो. त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सुनंदा मात्र विचारायची, रोज, जेवताना, पहिल्या घासाला.

जानेवारीत अमेरिकेचे पाहुणे आले. शुद्ध अष्टमीचा दिवस मुद्दाम निवडला होता, म्हणजे दुपारीच अर्धा चंद्र वर येतो आणि निळ्या आभाळात पांढरा दिसतो. चार वाजता कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण लावली. सुनंदा विमलताईंना घेऊन आली. स्वतःच. मला न विचारता. मी प्राचार्यांना ओळख करून दिली, "या आमच्या शेजारच्या." नुसतं शेजारच्या! सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेने सोल्डर वितळलं असतं.

संगणकावर हुकूम दिला, मोटारी गुणगुणल्या, दुर्बीण वळली आणि चंद्रावर जाऊन थांबली. "आधी बायकांना बघू दे," पाहुणे म्हणाले. विमलताई डोळा लावून वाकल्या. मी जवळ उभा राहून हळूच सांगितलं, "एरवी पृथ्वी फिरते म्हणून दोनेक मिनिटांत चंद्र काचेतून बाहेर सरकून जातो. निवांत बघा." त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात पाहुण्यांचं लक्ष डबीकडे गेलं. इंजिनिअर माणूस, झाकण उघडून बघितल्याशिवाय कसा राहील? उघडलं आणि शिट्टी वाजवली त्यांनी. "हे कोणी केलं? मूळ टाके इतके चांगले नव्हते. आमच्याकडे असं झालं तर अख्खी डबी फेकून देतात. आणि ही एक तंतूची जोड बघा!"

"मुंबईचे इंजिनिअर येऊन गेले," प्राचार्य म्हणाले. "गोरेंनी बोलावले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विमलताई मात्र बघत नव्हत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि डोळा दुर्बिणीला. ती पाठ जराही हलली नाही. आणि मला त्यांचे ते पेढे आठवले. एकवीस वर्षांत त्यांच्या कामावर दुसऱ्याचं नाव पडताना त्या बाईंनी किती वेळा अशीच पाठ ठेवली असेल? माझी मलाच लाज वाटली. अगदी शिसारी आली.

"मुंबईचे कोणी आले नव्हते," मी म्हटलं. माझा आवाज उगीचच फार मोठा आला. "वारज्याच्या आहेत. या, या विमलताई वानखडे. यांनी शोधलं, यांनी केलं. आणि बिघडवलं मी. नारळ फोडला होता. आत. चालू यंत्रापुढे."

खालच्या सायकल स्टँडवरची भांडणं स्पष्ट ऐकू आली. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "गोरे, तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता ना? इतकी वर्षं मला उगाच वाटत होतं."

पाहुणे हसता हसता खुर्चीत बसले, म्हणून मी वाचलो. मग उठून त्यांनी विमलताईंना डबीवरचं एकेक काम विचारलं. त्या कुजबुजत सांगत होत्या आणि तो भला थोरला अमेरिकेचा माणूस कमरेत वाकून ऐकत होता.

परतताना बसस्टॉपवर मी म्हटलं, "विमलताई, माफ करा. तीन महिने झाले. तुम्ही तिथे काहीच का बोलला नाहीत?"

"बोलणार होते ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, दोन मिनिटांत चंद्र बाहेर सरकतो. मी ठरवलं, सरांना तेवढा वेळ द्यायचा. चंद्र काचेबाहेर गेला की वळायचं आणि सांगायचं. पेढे काही दर वेळी नकोत." मग कपाळाला हात लावला. "पण तो जागचा हलेच ना! दुर्बीण आपली जातेच आहे त्याच्यामागं. डबी मीच नीट केलेली, कशी थांबेल? म्हटलं, आता काय जन्मभर वाकून राहायचं काहून?"

बसस्टॉपवर आम्ही तिघं इतके हसलो की एक बस तशीच सोडली.

कागद मी त्याच आठवड्यात लिहिला. चांगला पानभर. 'अत्यंत कुशल, निष्ठावान, कर्तव्यदक्ष' वगैरे. त्यांनी वाचला आणि परत दिला. "सर, हे सत्कारातल्या मानपत्रासारखं झालंय. हे कोणालाही लिहितात. काय बिघडलं होतं, मी कसं ओळखलं, काय बदललं आणि आता चालतं का, तेवढं लिहा." सहा ओळींत मावलं. प्राचार्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि शिक्क्याखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली: 'सदर यंत्र आमच्या विभागप्रमुखांनी बिघडवले व या बाईंनी दुरुस्त केले, हे मी स्वतः पाहिले आहे.'

खराडीच्या कंपनीत ती ओळ वाचून मुलाखत घेणारे म्हणे आधी खूप हसले, आणि मग त्यांनी एक बिघडलेला बोर्ड विमलताईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी काय विचारलं असेल ते सांगायला नको. सोमवारपासून कामावर या, म्हणाले.

पुढे आम्ही कात्रजला राहायला गेलो. विमलताईंनीही निवृत्त झाल्यावर गाव गाठलं, असं नंतर कानावर आलं. त्याआधी एकदाच त्या मला दिसल्या, वारज्याच्या पुलाशी, सकाळी आठच्या सुमाराला. मी जुन्या घराच्या कामाने चाललो होतो. कंपनीच्या बसची रांग होती. जीन्स घातलेली, कानात वायरी अडकवलेली पोरंपोरी, आणि मधे सुती साडीतल्या, हातात डबा धरलेल्या विमलताई. मी स्कूटर कडेला घातली. इतका आनंद झाला मला, की काय बोलावं ते सुचेना, आणि जे सुचलं ते नेहमीसारखं स्वार्थी सुचलं.

"विमलताई, बरं झालं भेटलात! आमचा मिक्सर..."

"सर, मिक्सर आता होणार नाही," त्या बसच्या पायरीवर पाय ठेवत म्हणाल्या. "तिकडे चाळीस बोर्ड अडकलेत. माझी सही झाल्याशिवाय एकही बाहेर जात नाही."

आणि चढून गेल्या.